अपोलो व डॅफ्नी
अपोलो व डॅफ्नी : जोव्हान्नी लोरेंत्सो बेर्नीनी (१५९८–१६८०) या इटालियन शिल्पकाराचे बरोक शैलीतील विख्यात संगमरवरी युग्मशिल्प (१६२२–२५). उंची सु. २४३ सेंमी. कार्डिनल शीप्योने बोर्गेसे याने रोममधील आपल्या उद्यानगृहासाठी ते करवून घेतले. त्याच वास्तूत, म्हणजे आजच्या बोर्गेसे कलावीथीत, ते जतन केलेले आहे. याच आश्रयदात्याच्या डेव्हिड (१६२३–२४) या शिल्पासाठी त्याचे काम मध्यंतरी थांबले होते.

शिल्पाचा विषय ऑव्हिड या लॅटिन कवीच्या मेटॅमॉर्फसीस या काव्यातील आहे. अपोलोने केलेल्या उपहासाने चिडलेला क्यूपिड त्याच्यावर सोन्याचा आणि डॅफ्नी या अप्सरेवर शिशाचा बाण सोडतो. एकाच्या मनात आसक्ती निर्माण होते, तर दुसरीच्या मनात तिटकारा. पाठलागाने थकलेली डॅफ्नी नदीदेव असलेल्या आपल्या पित्याची करुणा भाकते व लॉरेल वृक्ष होते.

रूपांतर ही कालात घडणारी घटना आहे. ती कवीला सांगता येते. शिल्पकाराच्या हाती मात्र एकच क्षण असतो. बेर्नीनीने निवडलेला क्षण विलक्षण आहे. डॅफ्नीच्या पायाच्या बोटांना मुळे व हाताच्या बोटांना पाने फुटली आहेत. केसही पानांत मिसळू लागले आहेत. तिचे तोंड भयाने उघडले आहे. अपोलोच्या शांत चेहऱ्यावर मात्र या बदलाची जाणीव नुकतीच उमटू लागली आहे. त्याचा हात तिच्या कमरेला टेकतो, तेथे साल आधीच चढलेली आहे. सारे शिल्प या एका स्पर्शाभोवती उभे आहे, असे म्हणता येईल.

प्राचीन संगमरवरी मूर्तींत भार पेलण्यासाठी पायाशी झाडाचा बुंधा कोरीत. व्हॅटिकनमधील बेल्व्हेडेअर अपोलोच्या (ज्याच्या मुखाची छाया येथील अपोलोवर स्पष्ट दिसते) बाजूस तो आहे, पण कथेशी त्याचा संबंध नाममात्रच. येथे तोच आधार कथेचा गाभा झाला आहे. जी साल डॅफ्नीला वेढते, तीच या धावत्या देहांना तोलून धरते.

बेर्नीनीचे शिल्प म्हणजे निव्वळ हस्तकौशल्य व नाटकीपणा, असा आक्षेप अठराव्या शतकात व्हिंकेलमान व अन्य अभिजाततावाद्यांनी घेतला. प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ पाने पाहून तो सहज सुचतो. परंतु तकतकीत त्वचा, खरबरीत साल, मोकळे केस व पाने यांचे वेगवेगळे पोत हाच येथे आशय आहे. कारण एका पदार्थाचे दुसऱ्यात होणारे संक्रमणच दाखवावयाचे आहे. या कौशल्याचे सर्व श्रेय मात्र बेर्नीनीला देणे योग्य नव्हे. पाने, मुळे यांसारखे नाजूक कोरीवकाम त्याचा साहाय्यक जूल्यानो फिनेल्ली याचे असल्याचे अभ्यासक मानतात.

धर्मगुरूच्या घरी असा विषय चालावा म्हणून की काय, बैठकीवर माफ्फेओ बार्बेरीनी (१६२३ पासून पोप आठवा अर्बन) याचे लॅटिन द्विपदी सुभाषित कोरले आहे. क्षणभंगुर सौंदर्यामागे धावणाऱ्याच्या हाती पाने व कडू फळेच लागतात, हा त्याचा आशय. हा बोध पाठलाग करणाऱ्याला उद्देशून आहे. शिल्पात मात्र डॅफ्नीची भीती अधिक ठळक आहे.

हे शिल्प मुळात भिंतीलगत असून दालनात येणाऱ्यास प्रथम अपोलोची पाठ व उडते वस्त्र दिसे. पुढे सरकल्यावर दोन्ही देह दृष्टीस पडत, आणि आणखी पुढे गेल्यावर स्त्रीदेह सालीआड जाऊन वृक्षच प्रकर्षाने जाणवे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते दालनाच्या मध्यभागी आणले गेले. त्यामुळे ते सर्व बाजूंनी पाहता येते. परंतु पाठीकडून सुरुवात करून सावकाश पुढे येणाऱ्या प्रेक्षकालाच मूळ क्रम प्रत्ययास येतो.