सैनिकी प्रशिक्षणातील प्रणाली अभियांत्रिकी

सैनिकी प्रशिक्षणातील प्रणाली अभियांत्रिकी : सैनिकाने प्रत्यक्ष करावयाच्या कामांचे विश्लेषण करून त्यावरून प्रशिक्षणाची उद्दिष्टे, पाठ, साधने व कसोट्या ठरविण्याची आणि फलितांच्या आधारे त्यांत सुधारणा करीत राहण्याची पद्धती. शिक्षकाला काय शिकवावेसे वाटते यापेक्षा काम काय मागते, हा प्रश्न तीत प्रथम येतो. तिचे खरे श्रेय एवढेच; पण ते लहान नाही.

अमेरिकेच्या भूसेनेने १९६८ मध्ये याच नावाची नियमावली काढली. १९७५ मध्ये फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात सेनादलांसाठी तयार झालेल्या संयुक्त कार्यपद्धतीत विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी व नियंत्रण असे ५ टप्पे आणि १९ पायऱ्या होत्या. दोषाचे मूळ येथेच आहे. पायऱ्या पार पाडणे हेच उद्दिष्ट होऊन बसते व विषयाच्या जाणकाराचा विवेक गौण ठरतो. बंदूक खोलून पुन्हा जोडणे यासारखी मोजता येणारी कामे या चौकटीत नेमकी बसतात. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे, ही अधिकाऱ्याची मुख्य कसोटी, कामांच्या यादीत मावत नाही. शिवाय तुकडीत गेलेल्या सैनिकाची पाहणी करून अभ्यासक्रम बदलणे हा भाग खर्चामुळे मागे पडला, की ‘प्रणाली’ हा शब्द नावापुरताच उरतो.

व्हिएटनाम युद्धात अमेरिकी नौदलाची हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे वारंवार निष्फळ ठरली, तेव्हा कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी १९६८ मध्ये केलेली चौकशी अधिक बोधप्रद आहे. क्षेपणास्त्राची निर्मिती, हाताळणी, दुरुस्ती व वैमानिकाचे शिक्षण ही त्यांनी एकच साखळी मानली. या अहवालामुळे १९६९ मध्ये मिरामार (कॅलिफोर्निया) येथे लढाऊ वैमानिकांचे खास विद्यालय निघाले. १९७२ च्या चकमकींत नौदलाचे यश स्पष्टपणे वाढले. ते सर्वस्वी या विद्यालयाच्या पदरी टाकण्याची प्रथा मात्र अहवालाच्या भूमिकेशीच विसंगत आहे; शस्त्रांतही दरम्यान सुधारणा झाल्या होत्या.

साधनांच्या बाबतीत हुबेहूबपणाचा हव्यास हा आणखी एक दोष. एडविन लिंक (१९०४–८१) यांनी १९२९ मध्ये ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारे जे प्रशिक्षण-यंत्र बनविले, ते विमानासारखे फारसे दिसतही नव्हते. १९३४ मध्ये टपालवाहतूक करताना खराब हवामानात वैमानिक दगावू लागल्यावर अमेरिकी सेनेने ते विकत घेतले. केवळ उपकरणांवर विसंबून उड्डाण करण्याचे कौशल्य त्यावर शिकता येत होते, आणि नेमकी उणीव तीच होती.