ओट्याचा दगड आणि आपली जयणा

आमच्या कोसाडच्या घराचा ओटा बदलायचा ठरला, तेव्हा घरात चार माणसं आणि पाच मतं झाली. मुलगा म्हणाला, क्वार्ट्‌झ घालू, पांढराशुभ्र. सून म्हणाली, ग्रॅनाइट बरा, डाग पडत नाही. ह्यांनी स्वस्त काय ते विचारलं. सासूबाई खाटेवरून एवढंच म्हणाल्या, "कडप्पा काय वाईट आहे? तीस वर्षं पोळ्या झाल्या ना त्याच्यावर?" त्यांचं बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं. नंतर कळलं की सगळ्यात शहाणा प्रश्न त्यांचाच होता.

ओट्याविषयी आपल्याकडे जे सांगितलं-लिहिलं जातं, त्यावर मला थोडं बोलायचं आहे. साडीच्या पोताविषयी आपण तासभर बोलतो. पण ज्या दगडापाशी रोज पाच-सहा तास उभ्या राहतो, त्याची पारख दुकानदारावर सोडून मोकळ्या होतो. दुकानदाराची पारख तीन शब्दांत संपते: चमक, फॅशन, 'मेंटेनन्स फ्री'. यातला एकही शब्द जैन घराच्या स्वयंपाकाला धरून नाही.

आपल्याला बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, जीव दिसतो का? काळ्याभोर कडप्प्यावर किंवा काळ्या ग्रॅनाइटवर संध्याकाळी बारीक मुंगी दिसत नाही. फडकं फिरवलं की ती गेली, आणि आपल्याला पत्ताही नाही. पूंजणी हाताशी ठेवून काय उपयोग, जर डोळ्यालाच दिसत नसेल? म्हणून फिका रंग. दुसरी, ओल. सुरतेचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात, सिंकच्या कडेला पाणी मुरलं की चार दिवसांत लील-फूग धरते. एकदा धरली की राहू दिली तरी दोष, काढली तरी दोष. म्हणून सांधे कमी, उतार सिंककडे, आणि दगड पाणी न पिणारा. तिसरी, ताप. पाण्याला तीन उकाळे आले की जड पातेलं आपण सरळ ओट्यावर उतरवतो. ते दगडाने सोसलं पाहिजे.

आता या कसोटीवर एकेक दगड घासून बघू. कडप्पा आणि कोटा दोन्ही चुनखडीच्या जातीचे. स्वस्त, थंड, ताप सोसणारे. पण लिंबू, चिंच, ताक सांडलं की पॉलिश मरतं आणि तिथे पांढुरका डाग राहतो. संगमरवराचंही तेच. देवळात शोभतो, कोकमाच्या आमटीशेजारी नाही. ग्रॅनाइट कठीण. आंबटाला दाद देत नाही, ताप सोसतो. मात्र काही ग्रॅनाइट पाणी आणि तेल पितात, म्हणून नमुन्याच्या तुकड्यावर तेलाचा थेंब टाकून पंधरा मिनिटांनी पुसून पाहावं. डाग राहिला तर तो तुकडा परत द्यावा. काळा रंग फारच काळा वाटला, तर नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस भिजवून चोळावा. कापूस काळा झाला तर रंग वरून चढवलेला आहे.

राहिला क्वार्ट्‌झ. हा खाणीतून निघालेला अखंड दगड नाही. गारगोटीचा चुरा राळेत मिसळून, दाबून केलेली ही लादी. पाणी पीत नाही, पांढरी मिळते, मुंगी लांबून दिसते. ताप मात्र तिला सोसत नाही. राळच ती, गरम पातेल्याखाली पिवळी पडते किंवा तडकते. पण खाली चौरंग ठेवला की झालं, असं म्हणून मी मुलाच्या बाजूला झुकले होते. जीव दिसतो, हा माझ्यासाठी मोठा गुण होता.

शोरूममध्ये नमुने बघत होते, तेव्हा मागच्या अंगणात एक पोरगा लादीला सिंकचं भोक पाडत होता. पाणी नाही, तोंडाला फक्त रुमाल. केस, भुवया, पापण्या पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या. मी विचारलं, "भाऊ, खोकला येतो का?" तो हसला. "धूळ आहे काकी, आंघोळ केली की जाते."

अंगावरची जाते. छातीतली जात नाही. या धुळीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात रुततात आणि फुप्फुस हळूहळू कडक होतं. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. क्वार्ट्‌झच्या लादीत सिलिका बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. ग्रॅनाइटमध्ये बरीच कमी, पण असते. चुनखडीत आणि संगमरवरात त्याहून कमी. ऑस्ट्रेलियात ओट्यांच्या लाद्या कापणारे ऐन तिशी-चाळिशीतले कामगार या रोगाने पडायला लागले, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून अशा लादीवर बंदीच घातली.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या गुजरातेत खंभातला अकीक घासणारी घरंच्या घरं या रोगाने खंगली आहेत. गोध्रा-बालासिनोर भागातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजुरीला येत. गावी परतून ते खोकत खोकत गेले. त्यातल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये गुजरात सरकारला सांगितलं. त्यांनी दळलेली पूड माझ्या ओट्यात आली असं मी म्हणत नाही. पण धूळ तीच, छातीही तसलीच.

हे मी आमच्या मंडळात बोलले, तेव्हा एका जाणत्या बाईंनी विचारलं, "खाणीतून निघाला की दगड अचित्त. मग वापरणाऱ्याला पाप कसलं?" प्रश्न बरोबर आहे. दगड अचित्त असेल, पण कापणारा पोरगा पंचेंद्रिय आहे. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो, त्यात फोडीकर्म येतं, आणि आपल्या घरात कुणी खाण खणत नाही म्हणून आपण निश्चिंतपणे पुढे जातो. पण आपल्याकडे पाप करण्यापुरतं थांबत नाही. करवणं आहे, अनुमोदन आहे. "छान कापलंस रे," असं मी त्या पोराला म्हणणारच होते. ते अनुमोदनच झालं असतं.

माझी टीका इथे आहे, आणि ती आधी माझ्यावर आहे. मुंगी दिसावी म्हणून मी पांढरी लादी शोधत होते, आणि त्या लादीसाठी पांढरा झालेला माणूस मला शोरूमचा भाग वाटत होता. आपली जयणा ओट्याच्या कडेपाशी संपते. ती दुकानाच्या मागच्या अंगणापर्यंत जायला हवी.

मग आम्ही काय केलं? आधी सासूबाईंचा प्रश्न पुन्हा विचारला: कडप्पा काय वाईट आहे? न फोडलेल्या ओट्याइतका निर्दोष ओटा दुसरा नाही. मुख्य भाग मात्र मधोमध तडकला होता आणि त्या फटीत दर पावसाळ्यात फूग धरायची, तो बदलणं भाग होतं. बाजूचा पाण्याच्या मटक्यांचा भाग धड होता, तो तसाच ठेवला. बाकीच्यावर फिक्या राखाडी रंगाचा ग्रॅनाइट घातला. माप घरी घेऊन सिंकचं आणि शेगडीचं भोक दुकानातच, पाणी सोडून चालणाऱ्या यंत्रावर पाडून आणायला सांगितलं. पाण्याने धूळ जागीच बसते. पूर्ण जात नाही, पण पुष्कळ कमी होते. दुकानदार म्हणाला, "बेन, दारात कापलं तर स्वस्त पडेल." मी म्हटलं, "स्वस्त कुणाला?"

पाण्यातही जीव आहेत, हे मी विसरलेले नाही. संसारात शून्य हिंसेचा ओटा मिळत नाही. कमीत कमी कुठली ते निवडायचं, आणि निवडताना सगळ्यांना मोजायचं, मुंगीलाही आणि माणसालाही.

तुमच्याकडे ओट्याचं काम निघालं, तर नमुन्याचे तुकडे जरूर बघा, तेलाचा थेंब जरूर टाका. पण त्याआधी दुकानाच्या मागच्या अंगणात एक चक्कर मारून या. तिथे कापताना पाणी वाहतंय का, एवढंच बघा. नसेल, तर दुसरं दुकान शोधा, आणि का सोडलं ते पहिल्या दुकानदाराला सांगून या.