गवत, चिखल आणि कायद्याचे गद्य

काव्याचे परीक्षण करताना आपण प्रतिमा पाहतो, कादंबरीचे करताना पात्रे पाहतो. परंतु ज्या गद्याने असंख्य माणसांच्या जमिनीचे भवितव्य ठरते, त्या कायद्याच्या गद्याकडे समीक्षकाची दृष्टी सहसा वळत नाही. वस्तुतः एका शब्दाच्या निवडीचा परिणाम तेथे जितका दूरवर पोहोचतो, तितका तो अन्यत्र क्वचितच पोहोचत असेल. पाणथळी आणि गवताळ जमिनी पूर्ववत करण्याचा विचार आज जगभर चालू आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक या कार्यास वाहिले आहे. २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर निकस जमीन सुधारण्याचा संकल्प भारतानेही सोडला आहे. हा संकल्प ज्या भाषेत मांडला जातो, ती भाषा उत्तर कन्नडातील जोयडा तालुक्याच्या कसोटीवर कितपत उतरते, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. कारवारच्या खाडीला मिळणारी काळी नदी याच तालुक्यात, दिग्गीच्या डोंगराळ मुलखात उगम पावते. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले सुपा गाव १०१ मीटर उंचीच्या धरणामागे बुडाले आणि तेथून उठलेल्या अनेकांनी रामनगरात नवी घरे बांधली. १९५६ साली दांडेली अभयारण्य, १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ साली दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प आणि २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव, असा या भूमीच्या संरक्षणाचा क्रम आहे. बाहेरून येणाऱ्यास येथे एकसलग अरण्यच दिसते. परंतु झाडांच्या मधोमध दऱ्यांतील भातखाचरे आहेत, झऱ्यांकाठच्या ओलसर सखल जागा आहेत, गुरे चरण्याची कुरणे आहेत. मराठीत माळ, सडा, कुरण, गायरान. शेजारच्या कन्नडात बेट्ट, बेण, हाडी. जमिनीच्या प्रत्येक प्रकाराला लोकभाषेत स्वतःचे नाव आहे आणि त्या नावातच तिचा उपयोगही सांगितलेला आहे.

आता कायद्याचे गद्य वाचावे. १९६४ च्या कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या ७९व्या कलमात उत्तर कन्नडातील बेट्ट व हाडी जमिनींवरील जुन्या सवलती पुढे चालू राहतील असे म्हटले आहे. लोकभाषेतील नावे कायद्याने जपल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. तथापि जपली ती ‘सवलत’ म्हणून, हक्क म्हणून नव्हे. पुढे २००० साली देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकारने प्रसिद्ध केला. त्यात झुडपी माळ आले, निकस झालेली गायराने आली आणि दलदलीच्या जमिनीही आल्या. जिथे पाणी मुरते आणि जिथे गुरे चरतात, ती भूमी ‘पडीक’ ठरली! तत्पूर्वी १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला होता, की ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ घ्यावा आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही, तिची मालकी कोणाचीही असो, वनच समजावी. त्या आदेशाने देशातील अरण्याचे मोठे रक्षण झाले, हे निर्विवाद आहे. परंतु या दोन मजकुरांच्या मध्ये गवताला स्वतःचे घर उरले नाही. दप्तरात नोंद असेल तर ते वन, नसेल तर पडीक.

चिखलाची गत याहून वेगळी नाही. २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांनी पाणथळीची व्याख्या केली. पण तीतून नदीची पात्रे आणि भातशेते वगळली. शिवाय वनविषयक व वन्यजीवविषयक कायद्यांच्या कक्षेतील क्षेत्रास ते नियम लागू नाहीत. जोयड्यात ओल धरून ठेवणारी जमीन बहुतांशी भातखाचरात, नदीकाठी किंवा वनहद्दीत आहे. म्हणजे पाणथळीच्या रक्षणासाठी लिहिलेला मजकूर या तालुक्यातील पाणथळींपैकी बहुतेकींना स्पर्शच करीत नाही. त्याच जिल्ह्यातील अघनाशिनीच्या मुखास २०२४ साली रामसर यादीत स्थान मिळाले, याचा आनंद आहेच. पण नदीच्या मुखाचा गौरव करणाऱ्यांनी नद्यांच्या उगमांकडील ओल विसरावी, हे विसंगत आहे.

दोष केवळ कायदेपंडितांचा नाही. आपल्या साहित्यिक रुचीनेही वड, पिंपळ, आंबा यांना जितका मान दिला, तितका गवताला दिला नाही. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ हा मोठा अपवाद. माणदेशच्या माळावरचे ते गाव दुष्काळात मोडते. चारा संपतो, मेंढरे जातात आणि त्यांच्यामागून माणसे जातात. गवत ही नुसती पार्श्वभूमी नसून गावाचा प्राण आहे, हे त्या कादंबरीने मराठी वाचकाला दाखविले. जोयड्यात हीच कथा उलट क्रमाने घडण्याचे भय आहे. माणदेशी गवत गेले म्हणून गाव उठले. येथे गाव उठले की गवत जाते.

हे कसे, ते सांगितले पाहिजे. पावसाच्या या मुलखात मोकळी जागा आपोआप मोकळी राहत नाही. गुरांचे चरणे, विळ्याने होणारी कापणी आणि खाचरांची दरसालची नांगरट यांनी ती राखली जाते. वस्ती हलली की दोन-चार पावसाळ्यांत तेथे रानमोडी आणि घाणेरी माजते. मग चितळ, सांबर, गवे यांना चरावयास काही उरत नाही. आणि वाघाचे पोट अखेर त्यांच्याच चरण्यावर अवलंबून आहे. मग तणे उपटणे आणि गवत पेरणे यांसाठी ठेका द्यावा लागतो. जे काम कुणब्याची विळी आणि त्याची गुरे पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य करीत होती, त्याचे अंदाजपत्रक होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गुरे बेसुमार चारली तर कुरण उजाड होते. आणि अरण्यात राहणाऱ्या कुटुंबांतील काहींना शाळा, दवाखाना, रस्ता यांच्या ओढीने बाहेर पडावेसे वाटते, तेही स्वाभाविक आहे. स्वेच्छेने जाणाऱ्यास कोणी अडवू नये. प्रश्न स्वेच्छेच्या खरेपणाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराई, जलाशय आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण यांवरील हक्क मान्य केले. मात्र जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ७५ वर्षांचा अधिवास सिद्ध करावा, अशी अट घातली. गोव्यातील कुणबी, गावडा व वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले होते. हा कायदा आला तेव्हा घाटावरच्या जोयड्यातील कुणब्यांना ते नव्हते. देव एक, बोली एक, सोयरीकही एक. पण राज्याची सीमा ओलांडताच पुराव्याचे ओझे बदलते. ज्यांच्या वाडवडिलांची नोंद ठेवण्याची तसदी कोणत्याही दप्तराने घेतली नाही, त्यांच्याकडे पाऊणशे वर्षांचा पुरावा मागणारे गद्य निर्दोष म्हणता येणार नाही. ज्याचा हक्क अनिश्चित, त्याच्या संमतीस स्वेच्छा म्हणणे वकिली युक्तिवादात चालेल. न्यायात चालू नये.

दुसरा आक्षेप असा, की हवामान पालटत असता झाडे लावणे हेच श्रेयस्कर. येथेही शब्द फसवितो. गवताळ जमीन आपला बहुतेक कर्ब मुळांत आणि मातीत साठविते. वणवा वरून गेला तरी तो ठेवा बराचसा सुरक्षित राहतो. ओलसर सखल जमीन पावसाचा लोंढा थोपविते आणि उन्हाळ्यात झऱ्याला पाणी पुरविते. १९८० नंतर सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली या जिल्ह्यात ऑस्ट्रेलियाकडील अकेशिया मोठ्या प्रमाणावर लावण्यात आला. हिरवेपणा वाढला, पण त्याखाली गुरांना चारा मिळेना. वृक्षारोपण आणि पुनरुज्जीवन हे समानार्थी शब्द नव्हेत, एवढे तरी आता धोरणाच्या भाषेत स्पष्ट व्हावयास हवे.

आपणा देवस्थानांशी निगडित वाचकांना हे समजण्यास कठीण जाऊ नये. गणपतीला दूर्वा लागते, श्राद्धाला दर्भ लागतो, दोन्ही गवतेच. कमळ चिखलातून येते. चतुर्थीच्या माटोळीला जे रानफळ बांधले जाते, ते रानात आणि सड्यावर वाढते. नैवेद्याचा भातही ओल्या खाचरातल्या गवताचाच दाणा आहे. जी भूमी कायद्याच्या नकाशात पडीक, तीच आपल्या पूजेच्या तबकात पवित्र! तेव्हा देवळाच्या तळीचा काठ सिमेंटने बांधून टाकताना आणि देवराईतील ओल्या जागेत भराव घालून मंडप उभारताना विश्वस्तांनी थोडे थांबावे.

जोयड्यातील गवत आणि ओल परत आणावयाची असेल, तर पहिले काम दप्तरात करावे लागेल: कुरणाला कुरण म्हणून, खाचराला पाणथळ म्हणून आणि ते राखणाऱ्याला हक्कदार म्हणून नोंदविण्याचे. ते न करता पेरलेले गवत ठेक्याची मुदत संपेपर्यंत टिकेल. पुढे ते कोण राखणार, याचे उत्तर कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.