ही-मॅनने तलवार टाकली तेव्हा

तत्त्वज्ञान शिकवलेला सत्तरी ओलांडलेला माणूस आज देवनारला येऊन कार्टूनवर बोलणार, हे वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. (हशा) पण बघा, 'माझ्या हातून वाईट झालं तर मी काय करायचं' हा प्रश्न बऱ्याच मुलांना पहिल्यांदा भेटतो तो पडद्यावर. म्हणून तिथे त्याचं उत्तर काय दिलं जातं, ते तपासायला हवं.

मी एकच भाग घेतलाय. मालिका 'ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स'. तुमच्यातले जे आज चाळिशी-पन्नाशीचे आहेत, त्यांनी ती आपल्या दूरदर्शनवर पाहिली असेल. भागाचं नाव 'द प्रॉब्लेम विथ पॉवर', साल १९८४.

कथा थोडक्यात सांगतो. ही-मॅन हा विश्वातला सर्वांत बलवान माणूस. एरवी तो राजपुत्र अॅडम असतो, जादूची तलवार उंचावली की ही-मॅन होतो. स्केलेटर हा त्याचा शत्रू, कवटीच्या तोंडाचा. या भागात चकमक होते आणि ही-मॅनला दिसतं, की आपल्या ताकदीमुळे एक निरपराध माणूस मेला. तो हादरतो. म्हणतो, ही शक्ती मला नको. आणि तलवार खोल दरीत टाकून देतो. पुढे उघडकीला येतं, की माणूस मेलाच नव्हता, ती सगळी स्केलेटरची बनवाबनवी होती. मग अॅडम तलवार परत मिळवतो, पुन्हा ही-मॅन होतो आणि शत्रूला हरवतो. वीस-बावीस मिनिटांत सगळं जागच्या जागी.

आता या मालिकेचा जन्म कसा झाला ते पाहू. आधी गोष्ट आणि मग तिची खेळणी, असा क्रम आपण धरून चालतो. इथे उलटं आहे. मॅटेल कंपनीची खेळणी १९८२ मध्ये बाजारात आली, फिल्मेशन या स्टुडिओची मालिका १९८३ मध्ये. दोन वर्षांत १३० भाग. खर्च वाचवण्यासाठी धावण्याची, उडी मारण्याची तीच तीच चित्रं पुन्हा वापरलेली. आणि खेळण्यांतही तेच! बऱ्याच बाहुल्यांचं अंग एकाच साच्यातलं, डोकं तेवढं वेगळं. राजपुत्र अॅडमची बाहुली म्हणजे रंग बदलून बंडी चढवलेला ही-मॅनच.

अमेरिकेत हे सगळं निमूटपणे झालं नाही. १९६९ मध्ये याच मॅटेलच्या 'हॉट व्हील्स' गाड्यांवर कार्टून निघालं, तेव्हा तिथल्या प्रसारण आयोगाने म्हटलं, हा कार्यक्रम निदान अंशतः जाहिरात आहे, तसाच मोजा. १९८०च्या दशकात वारं फिरलं. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं उठली. १९९० मध्ये मुलांच्या कार्यक्रमांसाठी कायदा करून त्यांतली काही परत आणावी लागली.

एवढं ऐकल्यावर 'म्हणजे ही नुसती जाहिरात, त्यात काय पाहायचं' असं म्हणणं सोपं आहे. माझी समीक्षा तिथून पुढे सुरू होते. जाहिरात आहे हे मान्य. पण बाजार गोष्टीच्या नेमक्या कुठल्या जागी बसलाय, ते शोधलं पाहिजे.

या भागातला प्रश्न खरा आहे. ज्या मालिकेत नायक सहसा कुणाला साधा ठोसाही मारत नाही, तिथे लेखक विचारतो, की बळ वापरताना जीव गेला तर? ही-मॅनचं उत्तरही खरं आहे. 'चूक स्केलेटरची होती, मी तर चांगल्यासाठी लढत होतो' अशी मखलाशी तो करत नाही. हेतू चांगला होता म्हणून परिणामाची जबाबदारी टळत नाही, हे त्याला शिकवावं लागत नाही. विक्रीसाठी घडवलेला नायक विक्रीची सर्वांत मोलाची वस्तूच दरीत फेकून देतो. मला हा धाडसाचा क्षण वाटतो.

बाजार बसलाय तो सुटकेत. तलवार दरीत राहिली, तर पुढच्या आठवड्यात ही-मॅन कुठला? दुकानातला खोका कोण उचलणार? म्हणून तलवार परत यायलाच हवी. ती आणायचे दोन मार्ग होते. एक, माणूस खरंच मेलाय, आणि ते ओझं घेऊन शक्ती कशी वापरायची हे नायकाने शिकायचं. दुसरा, माणूस मेलाच नाही. लेखकाने दुसरा मार्ग घेतला. प्रश्न सोडवला नाही, प्रश्नच रद्द केला.

आपल्या महाभारतात पाहा. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर म्हणतो, हे राज्य मला नको, मी वनात जातो. कर्ण आपला भाऊ होता, हे कळल्यामुळे तर तो पार खचलेला. भाऊ समजावतात, द्रौपदी बोलते, व्यास बोलतात, कृष्ण बोलतो, शेवटी शरपंजरी पडलेला भीष्म राजधर्म सांगतो. शांतिपर्व एवढं लांबलचक का? कारण 'कर्ण मेलाच नव्हता' असं कुणी सांगू शकत नाही. मेलेले मेलेलेच राहतात, आणि तरी राज्य चालवायचं असतं. अशोकाचंही तसंच. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, हे तो तेराव्या शिलालेखात स्वतः कोरून ठेवतो. त्याच लेखात अरण्यातल्या लोकांना इशाराही देतो. म्हणजे पश्चात्ताप आहे आणि सत्ताही सुटलेली नाही. ही अवघड जागा आहे, आणि ती तशीच दगडावर राहू दिली आहे.

एक गंमत सांगतो. सुरुवातीच्या खेळण्यांत ही-मॅनच्या खोक्यात तलवारीचा एक अर्धा भाग यायचा आणि दुसरा अर्धा स्केलेटरच्या खोक्यात. दोन्ही जोडले की एक पूर्ण तलवार. हेतू उघड आहे, मुलाने दोन्ही खोके घ्यावेत! पण नकळत त्यात केवढा विचार आला. सज्जनाच्या आणि दुर्जनाच्या हातात एकाच शक्तीचे तुकडे आहेत! मालिकेत ही-मॅनच्या हाती एकट्याची अख्खी तलवार आली आणि तो विचार गेला. विकणाऱ्याला जे सुचलं, ते सांगणाऱ्याने हातचं सोडलं.

हे इतकं मनावर का घ्यायचं? खेळणी मोडतात, कचऱ्यात जातात. १९२७ पासून मुंबईचा कचरा आपल्या देवनारला येतोय, प्लास्टिकचं पुढे काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ज्या गोष्टीच्या जोरावर खेळणं विकलं गेलं, ती मुलाच्या डोक्यात राहते. आणि ती गोष्ट सांगते, की तू मुळात चांगला आहेस, तेव्हा तुझ्या हातून झालेलं वाईट शेवटी भास ठरेल. असं शिकलेला मुलगा उद्या गाडी चालवणार, खुर्चीवर बसणार, कुणाच्या तरी पोटावर त्याची सही होणार. चूक झाली की तो आधी काय शोधेल? माणूस मेलाच नव्हता, याचा पुरावा.

म्हणून मुलांना कार्टून दाखवू नका, असं मी म्हणणार नाही. हा भाग तर जरूर दाखवा. तलवार दरीत पडते तिथे थांबवा आणि शेजारी बसून विचारा, 'तो माणूस खरंच मेला असता, तर ही-मॅनने काय करायला हवं होतं?' त्या घरी कोण, तेही विचारा. मुलं बोलतात हो, आपण विचारत नाही. मुलाने 'त्या घरी जायला हवं होतं' एवढं जरी म्हटलं, तरी १३० भाग विकायला बसलेल्या मालिकेला न परवडलेलं उत्तर त्याने दिलं असं समजा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.