समुद्र (जादा आकार पडेल)

मराठी समीक्षेने नवकवितेला डोक्यावर घेतले, नाटकाला झोडपले, आत्मचरित्रांतली खरी-खोटी पाने वेगळी केली. पण माहितीपत्रक नावाच्या वाङ्मयप्रकाराकडे तिचे अजून लक्ष गेलेले नाही. वास्तविक मध्यमवर्गीय घरात आज सर्वांत बारकाईने वाचला जाणारा मजकूर हाच. कवितासंग्रह आपण दुकानात उभ्याउभ्या चाळतो आणि पुन्हा फळीवर ठेवतो. माहितीपत्रक मात्र घरी आणून, चष्मा पुसून, हातात पेन्सिल घेऊन वाचतो. एवढा भाग्यवान वाचक कुठल्या कवीला मिळाला आहे?

प्रस्तुत ग्रंथ बत्तीस पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला. विषय : मुंबईहून बोटीने तीन रात्रींची सफर, जिला हल्ली क्रूझ म्हणतात. लेखकाचे नाव नाही. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण नंतर आणखी दोन कंपन्यांची पत्रके मागवून पाहिली, तर तिन्हींची शैली एकाच मास्तरांनी वळण दिलेल्या अक्षरासारखी. तेव्हा ही टीका एका पुस्तकाची नव्हे, घराण्याची समजावी.

नागपूरकराने समुद्रवाङ्मयावर बोलावे का, असा अधिकाराचा प्रश्न कुणी काढील. नागपूरकराची समुद्राशी पहिली ओळख होते ती रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर. आपण समुद्रापेक्षा तीनशेहून अधिक मीटर उंच आहोत, एवढे ती सांगते. किती लांब आहोत ते सांगत नाही. ते रेल्वेचे वेळापत्रक सांगते : मुंबई ८३७ किलोमीटर. पण लांबून प्रेम जास्त असते. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई–गोवा 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली, तेव्हा दिल्लीत जहाजवाहतूक मंत्री नागपूरचे होते आणि मुंबईत मुख्यमंत्रीही नागपूरचेच. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची बोट दर्यावर जावी आणि वर देखरेखीला दोघेही झीरो माइलच्या आसपासचे असावेत, यातच आमचा अधिकार सिद्ध होतो. शेजारच्या भाऊसाहेबांना मात्र हे पटलेले नाही. ते म्हणाले, "काहून बाप्पा, पाणीच पाह्याचं तर अंबाझरी काय आटला का?"

आता ग्रंथाकडे वळू.

जुन्या आलंकारिकांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. जे लिहिले तेच सांगणे म्हणजे अभिधा. माहितीपत्रकात ती निदान किमतीच्या रकान्यात तरी भेटेल, अशी माझी समजूत होती. पण तिथेही 'फक्त अमुक हजारांपासून' असे आहे. या 'पासून'ने मला शाळेतले व्याकरण आठवले. पंचमीचा अर्थ अपादान. अपादान म्हणजे वियोग, दुरावणे. किमतीपुढे 'पासून' आले की खिशातून काहीतरी दुरावणार, हे दामले आणि तर्खडकर आम्हाला आधीच शिकवून गेले आहेत. छापलेला आकडा माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोन माणसे राहतील हे धरून. एकट्याने जायचे म्हटले तर त्या न आलेल्या माणसाचे पैसेही बहुतेक ठिकाणी बऱ्याच प्रमाणात आपणच भरायचे. शिवाय बंदराचा आकार, जीएसटी, आणि 'बक्षिसी'. ही बक्षिसी काही कंपन्या माणशी, दर रात्री, आधीच बिलात धरतात. देणाऱ्याची इच्छा न विचारता घेतलेल्या बक्षिसीला मराठीत शब्द आहे, पण तो इथे लिहीत नाही.

ग्रंथाचा गाभा म्हणजे खोल्यांचे प्रकरण. इथे लेखकाची प्रतिभा किमतीबरोबर चढत जाते. सर्वांत महाग खोलीला, म्हणजे स्वीटला, अडीच पाने : तिच्या गॅलरीत एक बाई पांढऱ्या झग्यात उभी असून क्षितिजाकडे बघते आहे. गॅलरीवाल्या साध्या खोलीला एक पान. गोल खिडकीच्या खोलीला अर्धे. आणि आतल्या खोलीला, जिला इंटिरिअर म्हणतात आणि जी धरमपेठेतला माणूस शेवटी घेतो, तिला दीड ओळ : 'आटोपशीर, ऊबदार, चोखंदळ प्रवाशांसाठी.' खिडकी नाही, हे वाक्य कुठेही नाही. 'खिडकी' हा शब्दच टाळून ती व्यंजनेने सुचवली आहे. म्हणजे तिचे नसणे सुचवले आहे. काव्यप्रकाशकार मम्मटालाही याचे कौतुक वाटले असते.

आमच्या घरी या खोल्यांचे भाषांतर लगेच झाले. स्वीट म्हणजे दिवाणखाना, गॅलरीची खोली म्हणजे ओसरी, आणि इंटिरिअर म्हणजे माजघर. खरे सांगायचे तर नागपूरकराला माजघराचे वावडे नाही. मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेला की घरातली सगळ्यांत आतली, सगळ्यांत अंधारी खोली तीच उत्तम. खिडकीबद्दलचे आमचे मतही वेगळे आहे : खिडकी ही कूलर बसवायला असते. तिच्यातून बाहेर बघणे हा डिसेंबरातला उद्योग. त्यामुळे आतली खोली घेऊन दोघांचे मिळून आठ हजार वाचवावेत, असे माझे पहिले परिशीलन होते. सीताबर्डीवरच्या बुकिंगवाल्या मुलानेही तेच सांगितले, "काका, रूममध्ये बसते कोण? झोपायपुरतंच तर जा लागते."

त्यावर आमची ही म्हणाली, "झोपायला नागपूर काय वाईट आहे?"

इथे सांगायला हवे की माझी सासुरवाडी मालवणची. ही लहानपणी मुंबईहून आजोळी जायची ती भाऊच्या धक्क्यावरून, कोकणच्या बोटीने. रस्ते तेव्हा वळणावळणाचे होते आणि कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडायचे होते. बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत दक्षिणेला जायची. त्या बोटीचे माहितीपत्रक नव्हते. डेकवर सतरंजी पसरली की खोली तयार. उशाला ट्रंक, एका बाजूला कुणाची तरी कोंबडी, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी नातू. आणि पलीकडे अख्खा समुद्र. मालवणला बोट लांब उभी राहायची आणि अंधारात होडीत उतरावे लागायचे. होडी वर आली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचे, हे तिच्या आईने तिला शिकवले होते. लग्न होऊन नागपूरला आल्यापासून तिने चाळीस वर्षांत समुद्र पाहिला तो चौपाटीवरून, भेळ खाताना. बत्तीस पाने तिने एका बैठकीत वाचली आणि अभिप्राय दिला तो एवढाच : "यात समुद्र कुठे आहे?"

मी पुन्हा वाचले. तिचे म्हणणे बरोबर होते. पोहण्याचा हौद आहे, आणि तो चित्रात समुद्राहून निळा आहे. रंगमंच आहे, व्यायामशाळा आहे, जुगाराचे दालन आहे. समुद्र सगळीकडे पाठीमागे. जुन्या स्टुडिओत मागे पडद्यावर ताजमहाल रंगवलेला असे, तसा. एक सफर तर कुठल्याही बंदराला न जाता नुसती खोल पाण्यात जाऊन परत येणारी आहे. ही कल्पना आम्हाला नवीन नाही. फुटाळ्यावर लोक रोज संध्याकाळी हेच करतात. पण निदान ते तळ्याकडे तोंड करून बसतात.

आता त्या गोल खिडकीविषयी. इंग्रजीत तिला पोर्टहोल म्हणतात आणि मराठी माणसाचा तिच्याशी परिचय शाळेतला आहे : मार्सेलिस, ८ जुलै १९१०, 'मोरिया' बोट. त्या खिडकीसाठी जादा आकार पडला नव्हता. पडली ती पुढे पन्नास वर्षांची शिक्षा. त्या मानाने माणशी चार हजार जास्त नाहीत, असे मी मनाशी म्हणून पाहिले.

या ग्रंथातले एकमेव प्रामाणिक पान मला सापडले ते शेवटून तिसरे : बोटीचा नकाशा. मजले आणि खोल्यांचे क्रमांक. विशेषणाला इथे जागाच नाही, म्हणून खोटे बोलायलाही नाही. वाचकाने बाकीची एकतीस पाने सोडून हेच वाचावे, असे माझे प्रांजळ मत आहे. शाळेच्या मैदानावरची वर-खाली होणारी फळी आठवा : टोकांवरचे पोर सर्वांत उंच जाते, मधले जागच्या जागी असते. बोटीचेही तेच. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. वरच्या मजल्यावरच्या, नाकाडाजवळच्या महाग खोल्या सर्वांत जास्त डोलतात. म्हणजे ज्याने सर्वाधिक पैसे मोजले त्याला बोट सर्वांत आधी लागायची. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका जुना आणि घरगुती; पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. आवळासुपारी आणि आलेपाक आम्ही घरून नेणार आहोत.

नकाशात आणखीही वाङ्मय आहे. खोलीच्या बरोबर डोक्यावर नाचाचे दालन आहे का? मग पहाटेपर्यंत झोप नाही. लिफ्ट शेजारी आहे का? मग रात्रभर लोकांचे निरोप. आणि काही खिडक्यांसमोर बाहेर एक लांबोडकी आकृती काढलेली असते. ती जीवरक्षक नौका. समुद्र तिच्यामागे झाकला जातो, म्हणून अशा खोल्या स्वस्त. बुकिंगवाला म्हणाला, "काका, ते घेऊ नका, व्ह्यू नाही राहात." सासूबाई आज असत्या तर त्यांनी त्याच खोलीला जादा पैसे मोजले असते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर त्यांच्या पिढीची कोकणातली बाई बोटीत पाय ठेवला की आधी विचारायची, होड्या किती? खिडकीतून तीच दिसत असेल तर याहून चांगला व्ह्यू कुठला?

'काही खोल्या गॅरंटी दराने' असाही एक प्रकार आहे. गॅरंटी कशाची? तर खोली मिळेल याची. कोणती, ते कंपनी ठरवणार.

जेवणाच्या प्रकरणात लेखक थोडा दमलेला वाटतो. 'जगभरची चव', 'जिभेचा उत्सव' वगैरे. यात अर्थ असा की मोठ्या भोजनगृहातले जेवण भाड्यात आले, आणि ज्या लहान उपाहारगृहांचे मोठे फोटो दिले आहेत तिथले आले नाही. कोणते आले आणि कोणते नाही, हे ओळखायची खूण म्हणजे शब्दाच्या खांद्यावरची बारीक चांदणी. पूर्वी खलाशी ताऱ्यांवरून दिशा ओळखत. पत्रकाच्या वाचकालाही तेच करावे लागते. 'अमर्याद' या शब्दावर मी तीन तारे मोजले. पेयांच्या पॅकेजचा हिशेब मी पाटीवर मांडला : ते वसूल व्हायला माणसाने रोज पाच-सहा पेले रिचवायला हवेत. काही परदेशी कंपन्यांचा तर नियम आहे की खोलीतल्या एकाने हे पॅकेज घेतले की दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे. सप्तपदीतसुद्धा इतकी कडक अट नाही. तर्री-पोहे मिळतात का, या माझ्या प्रश्नावर बुकिंगवाल्याने जैन जेवण मिळते असे सांगितले.

एक गोष्ट मात्र पत्रकाच्या बाजूने लिहायला हवी. बोटीचे वय ते लपवते, पण वयाने बोट वाईट होत नाही. २०२१ साली मुंबईहून फिरू लागलेली 'एम्प्रेस' ही फ्रान्समध्ये १९९० साली बांधलेली. आधी 'नॉर्डिक एम्प्रेस', मग 'एम्प्रेस ऑफ द सीज', आणि तेवढ्यात मालकही बदलले. मजबूत बांधणीच्या पुस्तकाला नवे वेष्टन घालून बाजारात आणतात, तसेच हे. ज्या भाषेत नाटकांचे पाच-पाचदा पुनरुज्जीवन होते, तिथे याला कुणी नावे ठेवू नयेत.

शेवटी अटी. सहा पॉइंटातला मजकूर, करड्या कागदावर करडी शाई. वाचता येऊ नये असे छापण्यातही कसब लागतेच. ही भिंग घेऊन बसली होती. अट क्रमांक सतरा तिने मोठ्याने वाचली : 'समुद्र खवळलेला असल्यास कप्तान बंदर वगळू शकतील, भरपाई मिळणार नाही.' बत्तीस पानांत समुद्राने काहीतरी केल्याचे हे पहिले वाक्य. तिने त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि मला म्हणाली, "हे बघ, लिहिलंय. खवळतो."

खोली ठरली. खालचा मजला, मधली, गोल खिडकीची. जीवरक्षक नौका समोर नाही. ती कुठे आहे ते नकाशात बघून ठेवले आहे. पेयांचे पॅकेज नाही, वायफाय नाही, छायाचित्रकार नाही. विदर्भ एक्स्प्रेसचे मात्र अजून वेटिंग आहे, चौदा आणि पंधरा.