दाहशामक अर्क आणि उंदराच्या पेशी : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

औषधी वनस्पतींचे दाहशामक गुण प्रतिकारपेशींवर तपासणाऱ्या शोधनिबंधांचा साचा आता ठरून गेला आहे. 'रॉ २६४.७' या उंदराच्या मॅक्रोफेज पेशी जिवाणूंच्या लायपोपॉलिसॅकराइडने चेतवायच्या, त्यांत अर्क घालायचा आणि नायट्रिक ऑक्साइड किती घटले हे ग्रीस अभिक्रियेने पाहायचे. प्रत्यक्षात मोजले जाते ते नायट्राइट. गुलाबी रंग फिका पडला की अर्क दाहशामक ठरतो. प्राण्यांवरील प्रयोगांच्या मानाने ही पद्धत स्वस्त व जलद आहे. तिचा दोष तिच्यात नसून तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांत आहे.

मेलेली पेशीही नायट्रिक ऑक्साइड तयार करीत नाही. म्हणून एमटीटी चाचणीने पेशी जिवंत असल्याचे दाखविले जाते. परंतु या चाचणीतील पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये क्षपण केवळ पेशीच करतात असे नाही. पॉलिफेनॉलयुक्त अर्क ते स्वतःही करू शकतो. म्हणजे ज्या साक्षीवर सारी भिस्त, तीच फितूर होण्याचा संभव. पेशी न घालता फक्त अर्क व एमटीटी एकत्र ठेवून पाहिले तर हा संशय फिटतो. एवढी साधी तुलनाही पुष्कळ निबंधांत आढळत नाही.

दुसरा प्रश्न मात्रेचा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल व धवन यांनी १९७३ मध्ये हळदीतील कर्क्युमिनचा दाहशामक परिणाम प्राण्यांवर नोंदविला. पुढे पेशींवरील अनेक प्रयोगांत ते १० ते २० मायक्रोमोलर तीव्रतेने वापरले गेले. मात्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूर येथील अभ्यासात निरोगी व्यक्तींना नुसते २ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर रक्तद्रवात ते एकतर सापडले नाही किंवा अत्यल्प आढळले. (मिऱ्यातील पायपरिनसोबत शोषण वाढले, हे खरे.) नेल्सन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये कर्क्युमिनच्या अस्थिरतेवर आणि चाचण्यांत त्याच्यामुळे मिळणाऱ्या फसव्या निकालांवर नेमके बोट ठेवले.

शिवाय संवर्धनातील मानवी मॅक्रोफेज लायपोपॉलिसॅकराइडने चेतविल्यावर उंदराच्या पेशींप्रमाणे विपुल नायट्रिक ऑक्साइड निर्माण करीत नाहीत. तरीही निबंधाच्या अखेरीस 'संधिवातावर उपयुक्त' असे विधान सहज केले जाते, आणि ते वाचून चालू औषध बंद करणारा रुग्ण संशोधकाच्या दृष्टीपलीकडेच राहतो. मानवी रक्तातील मोनोसाइट पेशींवर टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-६ यांचे मापन करून त्याच अर्काची फेरतपासणी करणे शक्य आहे. ती होईपर्यंत 'उंदराच्या पेशींत नायट्राइट घटले' एवढेच शीर्षक न्याय्य ठरेल.