‘नाइस’, ‘छान’ आणि ‘बरें’

इंग्रजीच्या प्राथमिक पुस्तकांतून मुलांना जी विशेषणे प्रथम भेटतात, त्यांत ‘नाइस’ हे एक होय. शिक्षक फळ्यावर त्याच्यासमोर ‘छान’ असा अर्थ लिहितो, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि प्रकरण तेथेच मिटते. बहुतेक ठिकाणी हे समीकरण खपूनही जाते. परंतु ते जेथे खपत नाही, तेथेच या दोन भाषांतील विशेषणांचा स्वभाव उघड होतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अस्थानी होणार नाही.

‘नाइस’चे कुळ मुळीच उच्च नाही. लॅटिनमधील ‘नेस्कियुस’, म्हणजे ‘न जाणणारा’, हे त्याचे मूळ. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असाच होता. पुढे काही शतकांत तो नाजूक, चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म असा चढत गेला. जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध कोशात त्याचा सारा भर अचूकपणावर आणि चिकित्सकपणावर आहे. ‘आवडण्याजोगा’ हा आजचा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला, आणि इतक्या वेगाने की जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’त (ही कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली) हेन्री टिल्नी या शब्दाच्या सरसकट वापरावरून नायिकेची यथेच्छ थट्टा करतो. त्या थट्टेचा इंग्रजांवर काही परिणाम झाला नाही, हे सांगावयास नकोच.

मूर्खपणापासून मोहकपणापर्यंतचा हा प्रवास आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ‘मुह्’ धातूपासून आलेला ‘मुग्ध’ हा शब्द अगदी त्याच वाटेने आला आहे. मुग्ध म्हणजे प्रथम भांबावलेला, अजाण, मग निरागस, मग मनोहर. वोपदेवाच्या व्याकरणाचे नाव ‘मुग्धबोध’ आहे ते अजाणांना बोध करणारे म्हणून. आणि साहित्यशास्त्रातील मुग्धा नायिकेची अजाणता हेच तिचे लावण्य होय. मात्र वाट एक असली तरी मुक्काम निराळे. ‘मुग्ध’ हा चेहरा, हास्य, वय यांपाशी थांबला. मुग्ध हवा किंवा मुग्ध जेवण असे कोणी म्हणत नाही. ‘नाइस’ मात्र हवेला लागला, जेवणाला लागला, शेजाऱ्याला लागला आणि त्याच्या कुत्र्यालाही लागला.

माझ्या मते खरा भेद येथे आहे. मराठी विशेषण नामाचे तोंड पाहून येते. घर टुमदार, मूर्ती सुबक, अक्षर वळणदार, संसार नेटका, भाजणी खमंग, माणूस मनमिळाऊ. यांची अदलाबदल करून पाहावी, म्हणजे प्रत्येक शब्द आपल्या नामाशी किती घट्ट बांधला आहे ते कळेल. ‘नाइस’ वस्तूविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. बोलणाऱ्याला बरे वाटले एवढेच सांगतो. त्यातही जुने अर्थ अधूनमधून डोके वर काढतात ते वेगळेच. ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ म्हणजे कायद्यातील बारीक, नाजूक मुद्दा. त्याचे भाषांतर ‘कायद्याचा छान मुद्दा’ असे केले तर वकील हसेल. उलट ‘अ नाइस मेस’मधला उपरोध आपल्या ‘छान झाले!’मध्ये तंतोतंत उतरतो.

पेडण्याच्या वर्गात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सावंतवाडीकरांकडून हा महाल १७८८ त पोर्तुगिजांकडे गेला आणि १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. कचेरीची भाषा पोर्तुगीज झाली. कीर्तन-पुराणाची आणि अक्षरओळखीची मराठी राहिली. घरची बोली कोंकणी. आजही येथल्या पुष्कळ मुलांना ‘छान’ हा शब्द पाठ्यपुस्तकातच प्रथम भेटतो. म्हणजे एका पुस्तकी शब्दाचा अर्थ दुसऱ्या पुस्तकी शब्दाने सांगितला जातो. वास्तविक त्या मुलाजवळ घरचा शब्द तयार आहे. बरो मनीस, बरो पावस, बरें जेवण. ‘नाइस’ची जवळजवळ सारी जमीन ‘बरें’ने व्यापली आहे.

मराठीत या शब्दाची अवस्था मात्र शोचनीय झाली. संस्कृत ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, त्याचाच वंशज ‘बरा’. जुन्या मराठीतील ‘बरवा’ पूर्ण सौंदर्याचा वाचक आहे. आज ‘कसा आहे?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ असे उत्तर आले, तर ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. पेडण्याच्या माणसाने मुलगी ‘बरी’ म्हटले तर ती स्तुती होय. ‘दिसायला बरी आहे’ असे पुण्यात म्हटले, तर सोयरीक मोडावयास तेवढे पुरे.

शाळेत कोंकणी शब्द येऊ दिला तर मुलाचे मराठी बिघडेल, असे मानणारे काही शिक्षक आहेत. मला ते पटत नाही. ज्ञानेश्वरीतील ‘बरवा’ कळण्यासाठी शहरी विद्यार्थ्याला टीप लागते. येथील मुलाला ती लागू नये. तेव्हा त्याने ‘नाइस’ला प्रथम ‘बरें’ म्हणावे, आणि मग शिक्षकाने विचारावे: काय बरें? घर असेल तर मराठीत काय म्हणशील? अक्षर असेल तर? शब्दार्थ नामासह द्यावा, सुटा देऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे.

हा आग्रह शाळेपुरता नाही. अलीकडे आपल्या ग्रंथपरीक्षणांतून कविता छान, कथा छान, मुखपृष्ठही छान असते. जो टीकाकार तीन निराळ्या गोष्टींना एकच विशेषण लावतो, त्याने त्या तीन गोष्टी पाहिल्या की नाही, अशी शंका घ्यावयास जागा राहते. मुलाच्या निबंधाच्या समासात ‘छान’ लिहिणारे आपण शिक्षकही त्यांतलेच. निबंधातील कोणते वाक्य नेटके उतरले, कोणते वर्णन ठसठशीत झाले, हे त्या मुलाला त्यातून कळत नाही.

‘बरें’ तरी ‘नाइस’च्या जागी सर्वत्र चालते असे नाही, आणि उलटही नाही. कोंकणी माणूस उपकार स्मरताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. तेथे ‘नाइस’ निरुपयोगी, ‘छान’ही निरुपयोगी. मराठीला तेथे ‘भले’ हा शब्द काढावा लागतो.